उंबऱ्यावरची बिडी आणि पंचवीस फूट

बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई, कुठलीही वस्ती घ्या. गल्लीतला एखादा तरी पोरगा पुण्या-मुंबईत हॉटेलात कामाला असतो. कुणी वेटर, कुणी भांड्यांवर, कुणी साफसफाईला. काहींचं हॉटेल काचेच्या मोठ्या इमारतीत असतं आणि तिच्या दर्शनी भागात 'ग्रीन बिल्डिंग'चं प्रमाणपत्र लावलेलं असतं. ग्रीन म्हणजे रंगानं हिरवी नव्हे. वीज-पाणी कमी लागावं आणि आतल्या माणसाला चांगली हवा मिळावी, अशा बेतानं बांधलेली इमारत. हैदराबादची इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल २००१ पासून हे काम करते. 'लीड' ही अमेरिकेतली पद्धतही आपल्याकडे चालते.

या प्रमाणपत्रातली एक अट आपल्या कामाची आहे : इमारतीत तंबाखूचा धूर नको. बाकी कशातही कितीही गुण मिळवा, ही अट पाळल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. बाहेर ओढायला जागा ठेवायची असेल तर ती दार, उघडणारी खिडकी आणि हवा आत घेणारी जाळी यांपासून निदान २५ फूट लांब हवी. लीडच्या जुन्या नियमांत आत वेगळी बंद खोली ठेवायची मुभा होती. २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत दुकानं-कार्यालयांच्या इमारतींसाठी ती काढून टाकली. वेगळी खोली केली, पंखे लावले, हवा गाळली तरी धुराचा धोका पूर्ण जात नाही, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालानं २००६ सालीच सांगितलं होतं.

अशा इमारतीत हॉटेल भाड्यानं आलं की गोष्ट अवघड होते. स्वयंपाकघरातला मोठा एक्झॉस्ट दिवसभर हवा बाहेर फेकतो. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी कुठून तरी आत येतेच : मागच्या दारातून, जिन्यातून, फटीतून. मागच्या दाराशी कुणी सिगारेट पेटवली की तिचा धूर आत ओढला जातो आणि भांडी घासणाऱ्याच्या नाकात जातो. गिऱ्हाईक तासाभरात उठून जातं. आपला पोरगा रात्रीपर्यंत तिथंच.

प्रमाणपत्र असो वा नसो, कायदा सगळ्याच हॉटेलांना लागू आहे. तंबाखूविरोधी कायदा २००३ चा, आणि सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. ३० किंवा जास्त आसनं असलेल्या हॉटेलालाच सिगारेटसाठी वेगळी जागा करता येते. तिला चारी बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती हव्यात, आपोआप बंद होणारं दार हवं आणि तिथली हवा थेट बाहेर जायला हवी. हायवेवरच्या लहान ढाब्याला किंवा बसस्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलाला ही सवलत मुळीच नाही. आणि नियमातली सर्वांत महत्त्वाची ओळ अशी की त्या खोलीत दुसरी कोणतीही सेवा द्यायची नाही. म्हणजे चहा नाही, जेवण नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. वेटरला ट्रे घेऊन आत पाठवणं हेच नियमाबाहेर आहे. पोरांना हे मालक सांगेल, याची वाट कशाला बघायची? पुढच्या फोनवर घरच्यांनीच सांगावं.

मुंबईतल्या कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री छतावरच्या हॉटेलांना आग लागली आणि १४ जण गेले, बहुतेक धुरानं गुदमरून. अग्निशमन दलाच्या अहवालात हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं होतं. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता आपल्या घराकडे या. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या ७.४ टक्के प्रौढांना हॉटेलात दुसऱ्याचा धूर सोसावा लागत होता, तर घरात ३८.७ टक्क्यांना. पाचपटीहून जास्त! आपल्याकडे दादा किंवा आजोबा म्हणतात, "मी कुठं आत ओढतो? उंबऱ्यावर बसतो." पण एका खोलीचं घर, आत चूल किंवा पंखा चालू, आणि दार ही हवा आत यायची एकमेव वाट. हॉटेलच्या मागच्या दाराशी जे होतं तेच इथंही होतं. पाळण्यातल्या लेकराला त्यातून न्यूमोनिया, दमा, कान फुटणं असे त्रास होऊ शकतात. दार लावून घेतलं तरी कपड्यांना आणि भिंतीला धुराचा अंश चिकटून राहतो.

२५ फूट मोजून पाहा. दाट वस्तीत तेवढ्या अंतरात दोन-तीन घरं येतात. आपल्या दारापासून लांब गेलं की शेजारणीच्या दाराशी पोचतो. त्यामुळं गल्लीत जागा अशी नाहीच. निदान मैदानापर्यंत चालत जावं, आणि विहारात किंवा समाजमंदिरात बैठक असेल तेव्हा पायऱ्यांवरही कुणी पेटवू नये. तिथं '६० बाय ३० सेंटीमीटर'ची धूम्रपान निषिद्धची पाटी लावायला रंगाऱ्याचाच काय तो खर्च. पाटी असूनही कुणी ओढलं तर दंड २०० रुपयांपर्यंत आहे.

आणि मैदानापर्यंत चालायचा कंटाळा येऊन ज्याला सोडावीशी वाटेल, त्यानं १८००-११-२३५६ या मोफत सरकारी क्रमांकावर फोन लावावा. तंबाखू चघळणाऱ्यांनाही तोच क्रमांक चालतो.