काटा किती चढला, आणि किती वेळात

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दुपारचे तीन वाजलेत. शेजारच्या लेथचा आवाज गॅरेजभर घुमतोय. शेडमध्ये १९९८ सालची पांढरी मारुती ८०० उभी आहे, बॉनेट बंद. वस्ताद चालकाच्या सीटवर बसलेत आणि गाडीच्या मालकीणबाई दाराशी उभ्या राहून तक्रार सांगताहेत. त्या गारगोटीकडच्या, दवाखान्यात नर्स आहेत.

"दिवसा काटा निम्म्याच्या खाली असतो, मामा. रात्री ड्युटीला निघाले की 'एच'जवळ जातो. थांबून बाटलीतलं पाणी बघते, तर पातळी बरोबर."

"बाटलीच बघताय न्हवं? रेडिएटरच्या टोपणाला हात लावत न्हाई ना?"

"नाही."

"लावूबी नका."

टोपणावर ०.९ हा आकडा कोरलेला आहे. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. गरम इंजिनावर टोपण फिरवलं की दाब एकदम सुटतो, आतलं पाणी तिथल्या तिथे उकळतं आणि थेट तोंडावर येतं.

रेडिएटर साफ करून झालाय, थर्मोस्टॅट नवा बसवलाय. आता कुणीतरी त्यांना थर्मोस्टॅट काढूनच टाकायला सांगितलंय. वस्ताद मान हलवतात. "ते काढलं की इंजिन वेळेवर तापायचंच न्हाई." खरंच आहे ते. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. ८२ किंवा ८८ अंश, जो आकडा त्याच्यावर असेल, तिथवर तापलं की मेण फुगतं आणि झडप उघडते. तोवर पाणी रेडिएटरकडे जात नाही, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. ही झडपच काढली तर इंजिन गारच पळत राहतं, पेट्रोल जास्त जातं आणि ऑइलमध्ये पाण्याचा अंश साचतो. काटा खाली दिसतो, आणि मालक मात्र दुखणं बरं झालं असं समजून निर्धास्त होतो.

वस्ताद इंजिन चालू करतात. हाताखालचं पोरगं बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवतं. काटा 'सी'वरून निघायलाच मिनिटं घेतोय. कुणी बोलत नाही. वस्तादांची नजर काट्यावरून हलत नाही.

"अजून गार हाय," पोरगं म्हणतं. थोड्या वेळानं हात झटकन मागे घेतं. "आलं, गरम आलं!"

थर्मोस्टॅट उघडला. आता पोरगं तापमान मोजायची बंदूक आणतं. थर्मोस्टॅटच्या चकचकीत अॅल्युमिनियमवर त्यानं आधीच काळ्या टेपचा तुकडा चिकटवलाय. नुसत्या चकचकीत धातूवर ही बंदूक खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते. टेपवर लाल ठिपका पडतो : ८६. काटा निम्म्याच्या जरा खाली. गाडी तशीच चालू राहते. काही वेळानं पंखा लागतो, काम करतो, बंद होतो. पाणी, झडप, पंखा, सगळं आपापल्या जागी ठीक आहे.

वस्ताद इंजिन बंद करतात, चावी पुन्हा 'ऑन'वर आणतात आणि पार्किंग लाइट लावतात.

काटा चढतो. आठ-दहा सेकंदांत 'एच'च्या उंबरठ्यावर.

बाई वाकून बघतात. "हेच! रात्री असंच होतं."

"आता शेजारी बगा, ताई." पेट्रोलचा काटाही चढलाय. "पेट्रोल कुणी घातलं न्हाई. मग वाढलं कसं?"

लाइट मालवतात, दोन्ही काटे खाली येतात. पोरगं बंदूक धरून आहे. आकडा ८७. पाणी एका अंशानं हललंय, काट्यानं मात्र बराच डायल ओलांडलाय.

निदान इथंच झालं. एवढं लोखंड आणि एवढं पाणी आठ-दहा सेकंदांत तापत नाही, निवत तर नाहीच. लाइटबरोबर काटा हलतो, म्हणजे दोष विजेच्या वाटेत आहे. त्यातही दोन्ही काटे एकदम हलतात, म्हणजे दोघांच्या सामाईक जागेत, मीटरच्या अर्थिंगमध्ये. मीटरमधल्या दिव्यांचा करंट परतायला वाट शोधतो. अर्थिंग ढिलं असेल तर तो तिथं अडखळतो आणि काट्यांना मिळणारा व्होल्टेज वर ढकलतो.

वस्ताद मीटरचे स्क्रू काढतात, स्पीडोमीटरची केबल सोडवतात. काळ्या वायरवर मल्टीमीटरची एक सुई, बॅटरीच्या निगेटिव्हवर दुसरी. लाइट लावल्यावर आकडा येतो : १.४ व्होल्ट. तिथं जवळपास शून्य हवं. वायरचा माग डॅशबोर्डखाली जातो. तिचं थिंबल रंग चढलेल्या पत्र्यावर एका आखूड स्क्रूनं टेकवलंय. कधीतरी गाण्यांचा टेप बसवताना कुणीतरी जागा बदललेली दिसते. थिंबलवर हिरवी बुरशी, स्क्रू बोटानं फिरतोय. पोरगं पत्रा पॉलिश पेपरनं उजळ होईपर्यंत घासतं. नवं थिंबल, दातेरी वॉशर, आवळलेला स्क्रू, वर ग्रीसचा हात. पुन्हा लाइट. दोन्ही काटे जागेवर. मल्टीमीटरवर ०.०३.

जुन्या गाड्यांचे कितीतरी चांगले भाग अशा वेळी उगाच बदलले जातात, कारण काटा किती चढला एवढंच विचारलं जातं. किती वेळात चढला, कशाबरोबर चढला, हे गाडीत बसून पाहायचा धीर हवा. त्या धीराची किंमत पार्टपेक्षा मोठी आहे.

"म्हणजे काट्याकडे लक्ष नाही दिलं तरी चालेल?" बाई विचारतात.

वस्तादांचा आवाज चढतो. "असं कधी म्हणू नका! आता काटा खरं बोलतोय. हळूहळू वर गेला तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा. आणि वर गेलेला काटा चालत्या गाडीत एकदम खाली पडला तर खूश होऊ नका. पाणी संपलं असंल. सेन्सर पाण्यात न्हाई राहिला तर मोजणार काय? तवा लगेच बंद करायची, हेड जायच्या आत."

बाई मोबाईल काढतात आणि हे शब्द जसेच्या तसे टिपून घेतात.