बिनशेपटीचे विमान आणि आज्ञांची बेरीज

जबलपूरच्या मदन महाल टेकडीवरील तोललेली शिळा 22 मे 1997 च्या भूकंपातही ढळली नाही. रेडिओने चालणाऱ्या बिनशेपटीच्या नमुना-विमानाचा तोल मात्र पंखांमागील दोन झडपांनीच राखावयाचा असतो. दोन्ही उचलल्या की नाक वर जाते. डावी उचलून उजवी झुकविली की विमान डावीकडे कलते. म्हणून प्रेषकयंत्रात मिश्रणाचा नियम भरतात : डाव्या झडपेस दोन्ही आज्ञांची बेरीज, उजवीस वजाबाकी. गणित शाळकरी, पण फसवे! झडप 100 टक्क्यांपलीकडे वळत नाही. पूर्ण ‘वर’मध्ये पूर्ण ‘डावीकडे’ मिसळताच डावी 100 वरच अडते, उजवी शून्यावर उतरते. जमिनीकडे झेपावणाऱ्या विमानाची उचल ऐन वेळी निम्मी होते. याकरिता दोन्ही आज्ञांची प्रमाणे मिळून 100 च्या आत ठेवतात.