नवी बॅटरी घेण्याआधी करंट कुठे जातो ते बघा



३१ जुलैला बंदी संपते आणि पुढचे दोन-तीन दिवस जेटीवर एकच वाक्य कानावर येतं, "सेल्फ घेत नाही." मग धावाधाव, बॅटरीचं दुकान, नवी बॅटरी. महिन्याभरात तीही उतरते आणि दुकानदाराच्या नावाने शिव्या. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गेल्या हंगामात आमच्या एका सभासदाच्या ट्रॉलरची बॅटरी तीनदा बसली. दोनदा जेटीवरच, तेव्हा चार्ज करून काम भागवलं, एकदा नवीही घातली. तिसऱ्या वेळी मात्र रात्री खोल पाण्यात इंजिन बंद पडलं ते परत चालूच होईना. वायरलेसही त्याच बॅटरीवर, त्यामुळे आवाज क्षीण. टॉर्च दाखवून दुसऱ्या होडीला बोलावलं, तिने दोरी बांधून ओढत आणलं. वारा नव्हता म्हणून बरं.

किनाऱ्यावर आल्यावर आम्ही दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या. सगळं बंद असताना एक १२.७ व्होल्ट, दुसरी ११.८. प्रत्येक वेळी बसत होती ती ही दुसरीच. वायर हुडकत गेलो तर केबिनमधला गाण्यांचा सेट, मोबाईल चार्जिंग आणि दोन एलईडी दिवे, सगळं त्या एकाच बॅटरीवरून घेतलेलं. सेट १२ व्होल्टचा, बोट २४ ची, मग खलाशांनी सोपा मार्ग काढला.

इथेच सगळी गोम आहे. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ होतात. डायनॅमोचा करंट दोघींतून सारखाच जातो, पण खर्च एकीचाच होतो. दोघा खलाशांना जेवण सारखंच वाढलं आणि जाळं मात्र एकट्याने ओढलं, तसं. डायनॅमोला फक्त बेरीज दिसते. बेरीज २८ च्या आसपास आली की तो समाधानी, मग त्यात एक १५ वर उकळतेय आणि दुसरी १३ वर उपाशी आहे हे त्याला कळत नाही. उपाशी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर पांढरा थर घट्ट बसतो, आणि भरलेली पाणी उडवत बसते. शेवटी दोन्ही जातात.

गाण्यांवर आमचा राग नाही, रात्रभर जागणाऱ्याला गाणं हवंच. पण २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा आणि त्याचं कनेक्शन दोन्ही बॅटऱ्या मिळून घ्या, मध्येच फ्यूज टाका. बदलायची वेळ आली तर जोडीच बदला. जुनी आणि नवी एकत्र नांदत नाहीत.

तुमच्या बोटीवर कारण दुसरंही असेल. ते शोधायला मल्टिमीटर पुरतो. बोट काही तास बंद ठेवून मोजा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. मग इंजिन चालू करून परत मोजा. प्रत्येक बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. आकडा वाढलाच नाही तर दोष बॅटरीचा नाही, डायनॅमोचा किंवा ढिल्या पट्ट्याचा.

दोन्ही ठीक असूनही सकाळी बॅटरी बसलेली असेल तर रात्री कोणीतरी करंट खातंय. सगळे स्विच बंद करा, निगेटिव्ह वायर काढा, मीटर १० अँपिअरवर ठेवून त्याची एक सुई वायरला, दुसरी टर्मिनलला लावा. या वेळी सेल्फ अजिबात मारू नका, मीटर जळेल. अर्धा अँपिअर दिसला तरी २४ तासांत १२ अँपिअर-तास जातात, म्हणजे १०० ची बॅटरी चार दिवसांत निम्मी. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडला तो चोर. आमच्याकडे बहुतेक वेळा तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा अडकलेला फ्लोट सापडतो. मासळी नेणाऱ्या पिकअपलाही हीच तपासणी लागू, तिथे बहुधा मागून बसवलेला दिवा किंवा हॉर्न निघतो.

मिठाचं तर सांगायलाच नको. टर्मिनलवर हिरवी-पांढरी पूड दिसली की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, बॅटरीची झाकणं घट्ट लावून. कोरडं करून क्लॅम्प आवळा आणि वरून ग्रीस. वायर वरून चांगली दिसते, आतून तांबं काळं पडलेलं असतं, म्हणून टोक सोलून बघा.

बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, विहिरीचं नको. चार्ज करताना हायड्रोजन सुटतो, जवळ विडी-सिगारेट नको. खारं पाणी आत गेलं तर विषारी क्लोरीन निघतो, अशी बॅटरी केबिनखाली बिलकूल ठेवू नका. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

पुढच्या १ जूनला बोट वर काढताना बॅटऱ्या घरी न्या, पूर्ण चार्ज करा आणि महिन्याने परत एकदा. दोन महिने बोटीतच ठेवलेली बॅटरी ऑगस्टमध्ये दगा देणारच.

सोसायटीच्या ऑफिसात मल्टिमीटर आहे. वहीत नाव लिहून न्या, दुसऱ्या दिवशी परत आणा. मागच्या वेळी तो तीन आठवडे कुणाच्या तरी केबिनमध्ये होता.