चढ गेला कुठे?

फ्रान्सच्या वायव्य टोकाचा ब्रिटनी हा प्रदेश सपाट नाही. तिथे मोठे डोंगर नाहीत हे खरं, पण रस्ता सारखा वरखाली होत राहतो. एक टेकडी उतरून दम खावा, तोवर दुसरी समोर उभी. आणि याच प्रदेशात, नांत शहराकडून ब्रेस्तच्या आखाताकडे जाणारी एक वाट आहे, जिच्यावरून पॅनिअर बॅगा लादलेल्या सायकलींवर साठीतली जोडपीसुद्धा दिवसाकाठी पन्नास किलोमीटर आरामात कापतात. मोटार नाही, हॉर्न नाही, सिग्नल नाही. एका हाताला संथ पाणी, दुसऱ्या हाताला झाडी आणि कुरणं. मैलोन्मैल गिअर बदलायची गरज पडत नाही. टेकड्या तर जागच्या जागी आहेत. मग चढ गेला कुठे?

या प्रश्नाचं उत्तर इतकं सुंदर आहे की ते कळल्यावर ही वाट निराळीच दिसू लागते. ती सायकलसाठी बांधलेलीच नाही. ती बांधली गेली नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी आणि माणसांसाठी, आणि तिच्या मुळाशी आहे एक युद्ध.

ब्रेस्त हे फ्रेंच आरमाराचं मोठं बंदर. नेपोलियनच्या काळात इंग्रजांच्या युद्धनौकांनी किनाऱ्याची नाकेबंदी केली आणि समुद्रमार्गे ब्रेस्तला माल पोचवणं जिकिरीचं झालं. तेव्हा ब्रिटनीच्या पोटातूनच पाण्याची वाट काढायची ठरली. १८११ मध्ये काम हाती घेतलं गेलं. एर्द्र, उस्त, ब्लाव्हे, ओन अशा नद्यांना बांध घालून, आणि दोन नद्यांमधला उंचवटा खोदून, ३६० किलोमीटरहून लांब कालवा तयार झाला. तो संपूर्ण खुला झाला १८४२ मध्ये. तोवर नेपोलियन जाऊन दोन दशकं उलटली होती, इंग्रजांची नाकेबंदीही इतिहासजमा झाली होती. युद्धासाठी आखलेल्या कालव्यातून मग दगडी पाट्या, खत, धान्य असा शेतकऱ्याच्या कामाचा माल वाहू लागला.

संथ पाण्यावर तरंगणारा बोजा हळूहळू ओढायला फार थोडं बळ लागतं. खडकाळ रस्त्यावर गाडीत जेवढं वजन घोडा ओढेल, त्याच्या कैक पट तो पाण्यावरून ओढून नेतो. अट एकच: काठाची वाट पाण्याच्या पातळीला धरून चालली पाहिजे. ओढणाऱ्याला मध्येच टेकडी चढावी लागली, तर सगळा फायदा गेला.

सायकलस्वाराचा हिशेब याहून वेगळा नाही. स्वार, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो वजन धरा आणि वेग ताशी १५ किलोमीटर. सपाट, दाबलेल्या मुरमाच्या वाटेवर ढोबळमानाने ६० वॉट ताकद पुरते. दर शंभर मीटरला पाच मीटर चढ आला की त्याच वेगासाठी आणखी २०० वॉट मोजावे लागतात. म्हणजे साधा पाच टक्क्यांचा चढ श्रम चौपटीच्याही वर नेतो. घोड्याची दमछाक टाळण्यासाठी इंजिनिअरांनी जे केलं, ते दोनशे वर्षांनंतर आपल्या गुडघ्यांच्या कामी येतं.

पण पाण्याला तरी टेकडी चुकते का? चुकत नाही, आणि इथेच लॉकची करामत आहे. लॉक म्हणजे दगडी भिंतींची अरुंद खोली, दोन्ही टोकांना दारांची जोडी. दारं मिटली की त्यांचं टोक वरच्या पाण्याच्या दिशेने येतं, त्यामुळे पाणी जितकं रेटतं तितकी ती एकमेकांना घट्ट चिकटतात. नाव खालून आत येते, मागची दारं मिटतात, वरच्या दारातली छोटी झडप उघडते, पाणी आत येतं आणि नाव आपसूक उचलली जाते. इंजिन नाही, पंप नाही, नुसतं पाण्याचं वजन. वरच्या पातळीला आली की पुढची दारं उघडतात.

सायकलवरून हे पायांना कळतं. वाट सपाट, सपाट, सपाट. मग समोर लॉकवाल्याचं छोटं घर, खिडकीत जिरेनियमची फुलं, भिंतीवर लॉकचा क्रमांक. घराशेजारी वाट दोन-तीन मीटर उंचीची छोटी उसळी घेते. पाच-दहा पायडल जोरात मारली की झालं, पुढे पुन्हा सपाटी. चढ नाहीसा झालेलाच नाही! तो तुकडे करून लॉकपाशी ठेवून दिला आहे, जिन्याच्या पायऱ्यांसारखा. या कालव्यावर अशा २३० हून जास्त पायऱ्या आहेत. रोहाँ आणि पोंतिव्ही या गावांदरम्यान तर सुमारे २५ किलोमीटरमध्ये पन्नासहून अधिक लॉक येतात.

आता याहून अवघड प्रश्न. प्रत्येक लॉक उघडताना एक खोलीभर पाणी खाली निघून जातं. सगळ्यात उंच जागेवरून ते दोन्ही बाजूंना वाहून जाणार. मग माथ्यावर पाणी आणायचं कुठून? रोहाँ आणि पोंतिव्हीमधल्या माथ्यासाठी बोसमेलेआकच्या जलाशयातून एक पाट काढला गेला. सरळ रेषेत अंतर वीसेक किलोमीटर, पण पाटाची लांबी साठ किलोमीटरहून जास्त. उतार जेमतेम राखायचा म्हणून तो टेकड्यांच्या कडेकडेने, समान उंचीची रेघ धरून वळत जातो. त्याच्याही काठाने आज माणसं चालतात आणि सायकली चालवतात.

सपाटीची किंमत पाहायची असेल तर पश्चिमेला ग्लोमेलला थांबावं. दोन खोऱ्यांमधला उंचवटा तिथे सुमारे तीन किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त २३ मीटर खोल कापून काढला आहे. १८२३ ते १८३२ अशी नऊ वर्षं ते काम चाललं, आणि ते केलं ब्रेस्तहून आणलेल्या शेकडो कैद्यांनी, कुदळ-फावड्यांनी. आज तिथे दोन्ही बाजूंना झाडांनी झाकलेले उंच काठ आहेत, सावली आहे, गारवा आहे. तिथून सायकल सहज घरंगळत जाते, तेव्हा प्रत्येक मीटरमागे कोणाच्या तरी हातांचे घट्टे आहेत याची आठवण ठेवायलाच हवी.

कालव्याचा प्रतिस्पर्धी लवकरच आला. १८७८-७९ मध्ये सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी देशाच्या कोनाकोपऱ्यात, लहान तालुक्यांच्या गावांपर्यंत रेल्वे नेण्याची महायोजना मांडली. त्याच काळात त्यांनी कालव्यांच्या लॉकसाठीही राष्ट्रीय माप ठरवलं. ब्रिटनीतले लॉक त्याहून लहानच राहिले, आणि मोठ्या नावांना तिथे वाव मिळाला नाही.

रेल्वेलाही चढाचं वावडं. पोलादी रुळावर पोलादी चाक अगदी हलकं फिरतं, पण त्याच गुणामुळे चढावर ते घसरू लागतं. म्हणून रेल्वे बांधणारे टेकडी फोडतात, दरीत भराव घालतात, बोगदा काढतात, लांबचा वळसा घेतात. पुढे मोटारी आणि बस आल्या, गावोगावच्या त्या गाड्या रिकाम्या धावू लागल्या आणि हजारो किलोमीटर मार्ग बंद पडले. रूळ उखडले गेले. सौम्य चढाची ती पट्टी मात्र शेतांमधून तशीच पडून राहिली.

तिचा नवा जन्म झाला बरगंडी प्रांतात. १९९७ मध्ये जिव्हरी ते क्लुनी या जुन्या रेल्वेमार्गावर फ्रान्समधली पहिली ‘व्हुआ व्हेर्त’, म्हणजे हरित वाट, खुली झाली. द्राक्षमळ्यांमधून जाणाऱ्या त्या वाटेवर जुनी स्टेशनं अजून उभी आहेत. पुढे ती माकाँच्या दिशेने वाढली आणि दीड किलोमीटरहून लांब असलेला बुआ-क्लेरचा बोगदा तिच्यात आला. हा बोगदा हिवाळ्यात सायकलींना बंद असतो, कारण तेव्हा तिथे वटवाघळं शीतनिद्रेत असतात. २००४ मध्ये हरित वाटेला फ्रान्सच्या वाहतूक नियमांत स्वतःचं स्थान मिळालं: पादचारी, सायकलस्वार, घोडेस्वार यांना प्रवेश, मोटारींना नाही.

घोड्याची वाट आणि रेल्वेची वाट यांची गाठ ब्रिटनीतच पडते. ब्लाव्हे नदीवर गेर्लेदाँ इथे १९३० च्या सुमारास वीजनिर्मितीसाठी धरण झालं आणि कालव्याचा एक तुकडा, लॉक आणि घरांसकट, पाण्याखाली गेला. नांत ते ब्रेस्त हा जलमार्ग कायमचा तुटला. २०१५ मध्ये दुरुस्तीसाठी तलाव रिकामा केला, तेव्हा चिखलातून ती बुडालेली घरं वर आली आणि ती पाहायला लोकांची रीघ लागली. सायकलस्वाराचं मात्र इथे अडत नाही. तलावाच्या बाजूने जुन्या मीटरगेज रेल्वेची हरित वाट आहे. या रेल्वेचे पाच फाटे एकेकाळी कारे या गावातून निघत. १९६७ मध्ये त्यांतले बहुतेक बंद झाले. कालवा बुडाला तिथे रेल्वेने हात दिला.

कारे हे नाव मराठी सायकलस्वारांनाही परकं नाही. १८९१ मध्ये सुरू झालेली पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही १,२०० किलोमीटरची, जास्तीत जास्त ९० तासांत पुरी करायची राइड आता चार वर्षांनी एकदा होते, आणि पुण्या-मुंबईकडे ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइड, पूर्ण करून तिथे जाणारे सायकलस्वार, म्हणजे रॅन्डोनिअर, लुदेआक आणि कारे इथे कार्डावर शिक्का घेतात. त्यांची वाट टेकड्यांवरून जाते, झोप अर्धवट, घड्याळ डोक्यावर. कालव्याची वाट त्यांच्या अगदी जवळून जाते आणि तिथे घड्याळाची काही सत्ता नाही. पुन्हा जाणाऱ्याने एकदा या बाजूनेही जावं. बत्तीस ते चाळीस मिलिमीटरचे टायर, हलकं सामान, मे-जून किंवा सप्टेंबर. कुटूच्या पिठाचं खमंग, कडा कुरकुरीत धिरडं, म्हणजे गालेत, वाटेवरच्या गावांत मिळतंच.

या सगळ्यात मला सर्वात थक्क करतो तो एक आकडा. फ्रेंच कायद्यानुसार नौकावहनाच्या नद्यांकाठी नावा ओढण्यासाठी ७.८० मीटर रुंदीची पट्टी मोकळी ठेवावी लागते. हा विचित्र आकडा आला कुठून? १६६९ मध्ये चौदाव्या लुईच्या हुकुमाने ठरलेले २४ फूट, त्या काळच्या फ्रेंच फुटांत. घोडे गेले, राजे गेले, मापंही बदलली, पट्टी राहिली. रेल्वेच्या जमिनीचं मात्र सगळीकडे तसं झालं नाही. जिथे ती तुकड्यातुकड्याने विकली गेली, तिथे एखाद्या घराने किंवा कुंपणाने वाट कायमची संपवली. जिथे ती सलग राखली, तिथे आज मुलं शाळेत सायकलने जातात. चढ कापायला हजारो माणसांचे कष्ट लागले. ते कष्ट पुढच्या पिढ्यांच्या हाती यावेत म्हणून लागलं ते फक्त एवढंच: जमीन तोडायची नाही आणि तिच्यावर मोटार येऊ द्यायची नाही, हे कोणीतरी वेळेवर ठरवणं.