विमानांतील वाटाड्या व त्याची परीक्षा

बंद पडलेलें घड्याळ कोणासहि फसवीत नाहीं. तें बंद आहे हें सर्वांस दिसतें. फसवितें तें दहा मिनिटें मागें पडलेलें घड्याळ, कारण त्याची टिकटिक चालू असते. अशा घड्याळामुळें फार तर आपली गाडी चुकेल. परंतु ढगांतून उतरणाऱ्या विमानास वाट दाखविणारें यंत्र असें वागलें, तर शेंकडों जिवांशीं गांठ पडते. उपग्रहांच्या साहाय्यानें मार्ग दाखविणाऱ्या उपकरणांस सरकारी मान्यता देण्याचे जे कडक नियम आहेत, त्यांचें बीज या एका गोष्टींत आहे.

खिशांतला फोन आपली जागा चटकन सांगतो. मग तेंच काम करणाऱ्या विमानांतील यंत्रास एवढ्या परवान्यांची दगदग कशाला, अशी शंका पुष्कळांस येते. परंतु परीक्षक ‘यंत्र बरोबर सांगतें काय?’ एवढेंच विचारून थांबत नाहींत. ‘तें चुकूं लागलें, तर तसें वैमानिकास वेळेवर सांगतें काय?’ हा त्यांचा खरा प्रश्न होय.

जागा ठरविण्यास चार उपग्रहांचे संकेत पुरतात. पांचवा असला म्हणजे सर्वांच्या साक्षी ताडून पाहतां येतात, आणि कोणाची तरी साक्ष खोटी आहे हें कळतें. सहावा मिळाल्यास ती कोणाची, हेंहि उमगतें. अमेरिकेच्या संघीय विमानचालन प्रशासनानें डिसेंबर १९९२ मध्यें या उपकरणांचें प्रमाण ठरविलें, तेव्हां अशा पडताळ्यास त्यांत महत्त्वाचें स्थान दिलें.

उपकरण मान्य झालें म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. थंडी, उष्मा, दमटपणा व कंप यांच्या कसोट्या झाल्यावर, त्या त्या जातीच्या विमानांत तें बसविण्यास निराळी संमति लागते. अँटेना कोठें बसवावी, इतर रेडिओयंत्रांचा उपद्रव होतो काय, हें सर्व पाहिलें जातें. शेवटीं वैमानिकांचें शिक्षण आहेच.

आपल्या देशांत इस्रो व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनीं ‘गगन’ ही व्यवस्था उभारली. जमिनीवरील १५ केंद्रें उपग्रहांचे संकेत तपासतात व त्यांवरून काढलेल्या दुरुस्त्या विमानांपर्यंत पोंचविल्या जातात. विषुववृत्ताजवळ आयनांबर फार चंचल असल्यामुळें परदेशी गणित येथें जसेंच्या तसें चालेना. निराळें गणित बसवावें लागलें. नागरी विमानचालन महासंचालनालयानें ३० डिसेंबर २०१३ रोजीं प्रवासमार्गापुरती, आणि २१ एप्रिल २०१५ रोजीं उतरणीच्या मार्गदर्शनासाठीं मान्यता दिली. या दर्जाच्या उतरणीसाठीं आंतरराष्ट्रीय प्रमाण असें कीं, चूक आडवी ४० किंवा उभी ५० मीटरांपलीकडे गेल्यास १० सेकंदांच्या आंत इशारा मिळालाच पाहिजे. एप्रिल २०२२ मध्यें राजस्थानांतील किशनगड येथें एक विमान महासंचालनालयाच्या अधिकाऱ्यांसमक्ष या व्यवस्थेच्या आधारें चाचणीदाखल उतरलें.

अलीकडे युद्धग्रस्त प्रदेशांजवळ विमानांस बनावट संकेत मिळण्याचे प्रकार घडूं लागले आहेत. उपग्रह बिघडेल हें धरून रचलेल्या परीक्षेस, कोणी बुद्धिपुरस्सर फसवील हेंहि आतां धरावें लागेल. म्हणजे नियम वाढणारच. ज्या घरचीं मुलेंबाळें विमानानें दूरदेशीं ये-जा करतात, त्या घरानें तरी त्यांस दप्तरदिरंगाई म्हणून नांवें ठेवूं नयेत.