तार छेडली की सूर विरतो, मग गाणे अखंड कसे?

वाद्यांची विभागणी अनेक प्रकारे करता येते. त्यातला एक प्रकार विज्ञानाच्या शिक्षकांना उपयोगी पडेल: वादक सुराला ऊर्जा सतत पुरवतो, की एकदाच देऊन थांबतो? डांगपासून नंदुरबारपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात पावरी वाजते. तिच्यात फुंक चालू आहे तोवर सूर चालू राहतो. सारंगी आणि व्हायोलिनवर गज फिरत असतो, म्हणून तेथेही सूर टिकतो. सतार, संतूर आणि गिटार यांचे तसे नाही. तारेला एक धक्का मिळतो आणि त्याच क्षणापासून कंपनाची ऊर्जा लाकडाला व हवेला देता देता सूर विरू लागतो.

असे असताना गिटारवर एखादी धून गायल्यासारखी अखंड कशी ऐकू येते? याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण स्पेनचे फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) यांनी दिले. ग्रानादा शहरातल्या आलांब्रा राजवाड्याच्या आठवणी असे नाव असलेली त्यांची रचना जगभरचे गिटारचे विद्यार्थी शिकू पाहतात. बहुतेकांचे घोडे एकाच ठिकाणी अडते. ते ठिकाण कोणते, हे आपण पाहू.

या रचनेत उजव्या हाताचा अंगठा खालचे स्वर वाजवतो. त्याच्यामागून अनामिका, मधले बोट आणि तर्जनी एकापाठोपाठ एकाच तारेवर तोच स्वर छेडतात. पुन्हा अंगठा, पुन्हा ती तीन बोटे. रचना संपेपर्यंत जवळजवळ हेच चालते. मिनिटाला ८० मात्रांची लय धरली आणि एका मात्रेत असे ८ आघात होतात हे लक्षात घेतले, तर मिनिटाला ६४० म्हणजे सेकंदाला सुमारे १०.७ आघात होतात. दोन आघातांमध्ये एका सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ उरतो. सूर फारसा विरण्याआधीच तारेला नवी ऊर्जा मिळते. आघात कानाला वेगळे कळतात, तरी मन त्यांची एक रेषा जोडते. पंडित शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२) यांचे संतूर ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हलक्या व जलद आघातांनी लांबवलेला स्वर ओळखीचा असेल. साधन वेगळे, युक्ती तीच.

यावरून कोणाला वाटेल की सारी अडचण वेगाची आहे. तसे नाही. वेगापेक्षा समानता अवघड असते. तीन बोटांतले एक जरी किंचित उशिरा पडले, तरी रेषा तुटते आणि घोड्याच्या टापांसारखा लंगडा ठेका ऐकू येतो. उशीर करणारे बोट बहुधा अनामिका असते.

त्याचे कारण वर्गात दाखवता येते. विद्यार्थ्यांना तळहात बाकावर पालथा ठेवायला सांगा. मधले बोट दुमडून तळव्याखाली घ्यावे, बाकीची बोटे सरळ ठेवावीत. आता एकेक बोट उचलायचे. अंगठा उचलतो, तर्जनी उचलते, करंगळीही उचलते. अनामिका मात्र जागची हलत नाही. बोटे सरळ करणाऱ्या मुख्य स्नायूचे दोर हाताच्या पाठीवर आडव्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. तर्जनी व करंगळी यांना स्वतःचा एकेक जादा स्नायू आहे, अनामिकेला तो नाही. मधले बोट दुमडून धरले की अनामिकेचा दोरही अडकून पडतो. तार छेडून बोट पुन्हा जागेवर आणताना गिटारच्या विद्यार्थ्याला हीच गाठ आड येते.

मग सराव कसा करावा? सुरुवात संथ असावी, आणि संथपणा मोजून असावा. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. धानोऱ्यासारख्या गावात गिटार हाती नसली तरी दोरा, दगड आणि बाक मिळतातच. १ मीटर लांबीचा लंबक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला सुमारे १ सेकंद घेतो. लंबकाच्या एका झोक्यात अंगठा, अनामिका, मधले बोट, तर्जनी असे चार ठोके बाकावर द्यायचे. हे झाले सेकंदाला ४ ठोके. लांबी ५६ सेंटिमीटर केली की ५.३, आणि २५ सेंटिमीटर केली की ८ ठोके होतात. १४ सेंटिमीटरला आपण तार्रेगांच्या रचनेच्या वेगाशी पोचतो. लांबी चौथाईवर आली की वेग दुप्पट होतो, हा लंबकाचा नियम विद्यार्थी या निमित्ताने बोटांनीच अनुभवतील. अट एकच: चारही ठोके सारखे पडल्याशिवाय दोरा आखूड करायचा नाही. बोट दुखू लागले तर थांबायचे.

ही अट कडक वाटेल, पण तिला कारण आहे. मेंदू आपण जे वारंवार करतो ते शिकतो. आपल्याला जे करायचे होते ते नव्हे. लंगडा ठेका शंभर वेळा घाईने वाजवला तर लंगडेपणच पक्के होते. १९९५ साली थॉमस एल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंतुवाद्ये वाजवणाऱ्या नऊ जणांच्या मेंदूची पाहणी केली. त्यांत एक गिटारवादकही होता. तारांवर स्वर दाबणाऱ्या डाव्या हाताच्या बोटांसाठी मेंदूतला प्रतिसाद इतर माणसांपेक्षा मोठा आढळला. लहानपणी वाद्य हाती घेतलेल्यांत तो आणखी ठळक होता. उजव्या हातात असा फरक दिसला नाही. नऊ माणसे म्हणजे थोडी, आणि त्यांतले बहुतेक गज धरणारे. तेव्हा गिटारच्या उजव्या हाताबद्दल यावरून थेट काही सांगता येणार नाही. पण एकाच माणसाच्या दोन हातांत फरक पडतो, याचा अर्थ केवळ उपजत देणगीने लावणे कठीण आहे. वापराचा त्यात वाटा असावा.

वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला आपण 'याच्या हातात कला नाही' किंवा 'याला गणित जमत नाही' असे सहज म्हणून जातो. अनामिका सर्वांचीच बांधलेली असते, उत्तम वादकाचीसुद्धा. त्याची गाठ सुटलेली नसते. त्या गाठीसह सारखा ठोका द्यायला तो शिकलेला असतो, आणि त्यासाठी कोणीतरी त्याला लांब दोऱ्याने सुरुवात करू दिलेली असते. पाढे असोत, अक्षर असो की अपूर्णांक, दोरा केव्हा आखूड करायचा हे घड्याळाने किंवा पाठ्यक्रमाच्या तक्त्याने ठरू नये, मुलाच्या ठोक्याने ठरावे, असे आम्हाला वाटते.