जर्सी एकीची, कप्तान दुसरीची

मैत्रिणींनो, २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवते ना? आपल्याच ठाणे जिल्ह्यात, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. त्यांच्या निळ्या जर्सीच्या खांद्यावर तीन पट्टे होते. ती आदिदास कंपनीची खूण. पण कप्तान हरमनप्रीत कौरला आपल्या जाहिरातीसाठी २०२३ मध्ये करारबद्ध केलं ते पुमा कंपनीने. जर्सी एकीची आणि कप्तान दुसरीची, असं कसं? यातच दोघींची धंद्याची पद्धत दिसते. आपल्या गटांना ती उपयोगी आहे, म्हणून हा लेख.

एका घरातून दोन कंपन्या

जर्मनीतल्या एका लहान गावात आडी आणि रुडॉल्फ डासलर हे दोघे सख्खे भाऊ. आईच्या कपडे धुण्याच्या खोलीत खेळाचे बूट बनवायला सुरुवात झाली आणि १९२४ मध्ये दोघांची कंपनी उभी राहिली. आडी कारागीर, रुडॉल्फ विक्रीत हुशार. पुढे भांडण झालं आणि १९४८ मध्ये वाटण्या झाल्या. आडीची आदिदास, रुडॉल्फची पुमा. नदीच्या एका काठाला एक कारखाना, दुसऱ्या काठाला दुसरा. गावातली माणसं म्हणे समोरच्याच्या पायातले बूट बघूनच बोलायचं की नाही ते ठरवत.

आदिदासने संघ धरला

१९५४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाऊस पडत होता. जर्मन संघाच्या बुटांना आडीने बदलता येणारे खिळे बसवले होते. चिखल बघून लांब खिळे लावले, पाय घसरले नाहीत आणि संघ जिंकला. तेव्हापासून माल चांगला करायचा आणि अख्ख्या संघाला पुरवायचा, ही आदिदासची मोठी चाल. आपल्या क्रिकेट संघाचा करारही तसाच आहे. जून २०२३ पासून मार्च २०२८ पर्यंत पुरुष, महिला आणि तरुण, सगळ्या संघांचे कपडे आदिदासचे.

पुमाने माणूस धरला

पुमा आकाराने लहान. तिने एकेक नावाजलेला खेळाडू गाठला. १९७० च्या विश्वचषकात पेले सामना सुरू होण्याआधी खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. जगभरचे कॅमेरे त्याच्या पायावर गेले, आणि पायात बूट पुमाचे! ते आधीच ठरलेलं होतं. भारतात २०१७ मध्ये पुमाने विराट कोहलीशी आठ वर्षांचा करार केला. रक्कम सुमारे ११० कोटी रुपये असल्याच्या बातम्या होत्या.

दोन्हीकडे धोका आहे

२०२५ मध्ये कोहली पुमा सोडून दुसऱ्या कंपनीकडे गेला. चेहरा गेला की त्याच्या नावावर येणारं गिऱ्हाईकही हलतं. आदिदासचंही कायमचं काही नाही. मुदत संपली की बोली पुन्हा लागणार. २०२० पर्यंत हेच कपडे नायकी कंपनीचे होते, आता कोणाला आठवतं?

आपलंही तसंच आहे. शाळेच्या गणवेशाची किंवा अंगणवाडीच्या आहाराची एकच मोठी ऑर्डर असेल, तर ती बंद पडली की गट बसला. आणि "त्या ताईंच्या हातचं लोणचं" म्हणून माल खपत असेल, तर ताई आजारी पडल्या की धंदा थांबला.

आपण काय करतो?

महाशिवरात्रीला शिवमंदिराच्या यात्रेत दोन गट शेजारी बसून एकसारखेच पापड विकतात. समजा किलोला २१० रुपये खर्च आहे आणि भाव २६०. शेजारणीने २५० लावले की आपण २४०, मग ती २३०, आपण २२०. चाळीस किलोवर २,००० रुपये सुटायचे, तिथे ४०० सुटले. तेवढ्यात अंतर्गत कर्जाचा हप्ता तरी निघतो का? गिऱ्हाईक खूश, दोन्ही गट रिकामे, वर बोलणंही बंद.

आदिदास आणि पुमा हाडवैरी, पण खूण वेगळी, वाट वेगळी. दोघी अजून त्याच गावात उभ्या आहेत. २००९ मध्ये तर दोन्हीकडच्या कामगारांनी मिळून फुटबॉलचा सामना खेळला.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढं करूया:

१. शेजारचा गट काय विकतो ते आधी विचारा. त्यांचे उडदाचे पापड असतील तर आपण नाचणीचे करूया.

२. यात्रेआधी ग्रामसंघात बसून किमान भाव ठरवा. त्याखाली कोणी उतरायचं नाही.

३. पाकिटावर गटाचं नाव आणि एकच खूण टाका. माल ताईंच्या नाही, गटाच्या नावाने ओळखला जाऊ दे. आणि ताईंची कृती आणखी दोघींना शिकवा.

४. वर्षाची विक्री मांडा. अर्ध्याहून जास्त एकाच ठिकाणी जात असेल तर दुसरं गिऱ्हाईक आत्ताच शोधा.

उल्हासनगरच्या जीन्स शिवणाऱ्या आपल्या कितीतरी बहिणींना नगावर मजुरी मिळते. जास्त पैसा मिळतो तो कपड्यावर ज्याचं नाव असतं त्याला. आदिदास आणि पुमासुद्धा बहुतेक माल दुसऱ्यांच्या कारखान्यांतून शिवून घेतात, खूण मात्र स्वतःची लावतात. हात आपले आहेतच. आता नावही आपलं लागू दे.